खंडेरावच्या डुकरांवरचा आळ

"गुन्हेगार कितीही सूक्ष्म असो, नरहरीच्या नजरेतून सुटत नाही," असं जनावरांचे तपासनीस नरहरी स्वतःबद्दल सांगत. चष्मा घरी विसरला की जरा जास्तच ठासून सांगत.

त्यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशीही चष्मा घरीच होता. त्यांची मुलगी मंदा बाटल्यांची पिशवी सांभाळत, कुरकुरत, त्यांच्यामागून तारापूरजवळच्या नवापूरला खंडेरावच्या डुकरांच्या वाड्यात शिरली.

प्रकरण गंभीर होतं. खंडेरावची डुकरं तारापूरला वीजकेंद्र बांधणाऱ्या परदेशी साहेबांच्या ताटात जात. मागच्या तपासणीत प्रत्येक खणातल्या विष्ठेत साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू, निघाले होते. पुन्हा सगळ्या खणांत निघाले तर सगळा कळप मारायचा, असा हुकूम होता. डुकरं मात्र ठणठणीत. नरहरींच्या मते हाच त्यांच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा.

"उंदीर," काठीनं विष्ठा बाटलीत भरत ते म्हणाले.

"मांजरी हायेत, सायेब," खंडेराव म्हणाला.

"मग मांजरी." ते पुढच्या खणात गेले. "मुरब्याच्या बंदरावरून बोंबलांची डोकी आणता ना?"

"उकळून घालतो. बोंबील आमी पन खातो."

नरहरींनी त्याच्याकडे नव्यानं पाहिलं. "तुमचं पोट कसं आहे?"

"बाबा," मंदा म्हणाली, "काठी तीच आहे."

"कोणती?"

"हातातली. पहिल्या खणापासून तीच. नुसती रुमालाला पुसता. एका खणातले जंतू तुम्हीच सगळ्या बाटल्यांत पोचवताय."

नरहरींनी काठीकडे पाहिलं, मग रुमालाकडे.

"म्हणजे आरोपी जागेवरच सापडला."

"हो."

"आणि त्यानं तपासाला पूर्ण सहकार्य केलं, हेही लक्षात ठेव."

मग प्रत्येक खणाला वेगळी काठी घेऊन त्यांनी सगळे नमुने पुन्हा घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आधीच, नरहरी गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मुंबईहून निकाल आला. कडेच्या खणातली एक डुकरीण तेवढी दोषी होती. बाकीचा कळप सुटला. मंदा स्वतःच सांगायला गेली.

"सायेबच मारत होते, सायेबांनीच वाचवली," खंडेराव म्हणाला. हसता हसता त्यानं डोळे पुसले. "तुमाला लय तरास, बाय. ते म्हनायचे, पोरीला नाय आवडत, तरी ओढून आनतो."

बाबा जिथं वाकून बाटल्या भरायचे, त्या खणाकडे मंदा वळली.

"ओढून नाही, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "कुरकूर खोटी होती. मी आदल्या रात्रीच बाटल्या धुऊन ठेवायचे."