कोंडाईच्या कपाळावरची तुळस

एका जंगलात, बाळांनो, कोंडाई नावाची एक भेकरीण राहायची. लहानखुरी, गरीब स्वभावाची.

तिच्या कपाळावर तुळस गोंदलेली होती. ती लहान असताना साळिंदरणीने आपल्याच काट्याने गोंदली होती. तेव्हा आईने तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं आणि "झालं हं बाई, झालं," म्हणत स्वतःच रडली होती. त्या काळी पोरीला गोंदलं नाही, तर पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "हिला आई आहे की नाही?"

आई गेल्यावर कोंडाई पाण्यात आपलं कपाळ बघायची. तेवढंच आईला भेटल्यासारखं वाटायचं.

पुढे तिच्या मुलाचं, राघोचं, एका चितळाच्या मुलीशी जमलं. मुलीची आई घर बघायला आली. चितळीणच ती, अंगभर ठिपके. पण ते जन्मजात, म्हणून सभ्य. कोंडाईचं कपाळ बघून तिने नाक मुरडलं.

"राग मानू नका हं, विहीणबाई. मुलगा लाखात एक आहे. पण हे असलं गावंढळ काही आमच्यात चालत नाही. लग्नाला चार मोठी माणसं येणार."

"माणसं?" कोंडाई दचकली.

"म्हणजे वाघबिघ हो."

राघो खाली मान घालून गवत चघळत राहिला.

मग कोंडाई उठली, सागाच्या खोडाशी गेली आणि कपाळ घासू लागली. रक्त आलं तरी थांबली नाही. लग्न थाटात झालं. त्यानंतर ती डोळे मिटून पाणी प्यायची.

काही वर्षं गेली. साळिंदरणीच्या नातवाने गुहेत स्टुडिओ थाटला. बाहेर ही रांग! विहीणबाईंनी मानेवर मोर काढून घेतला. आणि एक दिवस सून घरी आली ती कपाळावर तुळस घेऊनच.

"टॅटू आहे, आई. पारंपरिक डिझाइन! जुन्या बायका काढायच्या म्हणे." मग सासूच्या कपाळावरचा वण बघून ती हळहळली. "तुमच्या पिढीने ना, आपली संस्कृती अजिबात जपली नाही."

कोंडाई तिच्या जवळ गेली. ती तुळस बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"छान दिसतेय हो," ती म्हणाली. "फार दुखलं का गं?"

"छे! आधी क्रीम लावतात. कळतसुद्धा नाही."

तात्पर्य : बाळांनो, आईची खूण अंगावर मिरवायची असेल तर घाई करू नये. एखादी पिढी जाऊ द्यावी. तोवर गावंढळपणाची संस्कृती होते, आणि दुखतही नाही.