काडेपेटीमागचा जादूगार

लांजेवारकाकांचा जादूगार सलग सात रविवार एका काडेपेटीमागे उभा होता. पुढे सरकत नव्हता, मंत्र टाकत नव्हता आणि मरतही नव्हता!

खेळ साधा आहे हो. चौकटीच्या कागदावर गुहा आखायची. काडेपेटी म्हणजे दगडी भिंत, साबणाचा डबा म्हणजे राक्षस. आपण कोणी योद्धा, कोणी जादूगार. पाळी आली की सहा चौकटी चालायचं, एक वार करायचा, फासा पडला की निकाल. कॉलेजची पोरं तासाभरात राक्षस लोळवतात. आमच्या हुडको कॉलनीतला राक्षस मात्र म्हातारा व्हायला आला.

सगळा घोळ काकांच्या आडोशाचा. प्यादं भिंतीआड जितकं झाकलं जाईल, तितके आकडे राक्षसाच्या फाशातून वजा होतात. जन्म कारखान्यात क्रेन चालवण्यात गेला, घाई ठाऊकच नाही. खिशातून पांढरा दोरा काढतील, राक्षसाच्या चौकटीच्या एकेका कोपऱ्यापासून आपल्या प्याद्यापर्यंत ताणून किती झाकलं ते मोजतील, चष्मा कपाळावर चढवतील.

"पाह्य बे सुधाकर. अर्धा झाकला तं दोनाचा बचाव. पाऊण झाकला तं पाचाचा. आन् पुरा झाकला तं राक्षसाचा बापबी मारू शकत नाही!"

"पण काका, पुरं झाकल्यावर तुम्ही तरी त्याच्यावर वार कसा करणार?"

"वार कोणाले करायचा आहे?"

आता बोला! अशा माणसाशी डोकं फोडण्यात माझे रविवार गेले. एकदा मी चारच चौकटी चाललो आणि उरलेल्या दोन पुढच्या पाळीत मागितल्या, तर काका केवढे भडकले. "उरलेली चाल जमा होत नाही! पाळी गेली का गेली. नियम म्हणजे नियम!"

बाजारातही तेच. नको तो माणूस दिसला की काका भाजीच्या ठेल्याआड. आम्ही पिशव्या घेऊन उन्हात उभे.

हा खेळ त्यांना शिकवला रश्मीनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, काकांनी तोंडाला येईल ते सुनावलं आणि ती उतईला सासरी निघून गेली. त्याला दोन वर्षं झाली. तिला मुलगी झाली तरी काका हलले नाहीत. शेवटी तिनं मलाच फोन केला. "दादा, रविवारी बारसं आहे. बाबाले घेऊन याल का? माझा फोन उचलत नाहीत ते."

मी काकांना सांगितलं. ते बोटाला दोरा गुंडाळत बसले.

"रविवारी तं आपला खेळ असते."

"काका!"

"कोणत्या तोंडानं जाऊ बे? या घरात पाय ठेवू नको म्हणलो होतो मी तिले."

माझं टाळकंच सरकलं. "खड्ड्यात गेला तुमचा खेळ! पाळी तुमची आहे काका. उरलेली चाल जमा होत नाही. नियम कोणाचा?"

काकांनी बोटावरचा दोरा सोडवून खिशात टाकला. मग हळूच म्हणाले, "तू पुढे चालशील?"

चाललो, बाप्पा. उतईत फाटकापासून दारापर्यंत मी पुढे आणि काका माझ्या शर्टाचं टोक धरून मागे. मी थांबलो की ते थांबत. मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाळाला घेऊन रश्मी दारात आली. तिनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"बाबा, माणसाचा आडोसा अर्धाच धरतात. दिसून राहिले तुमी."

माझ्या पाठीमागून बारीक आवाज आला, "दोनाचा बचाव तं भेटते ना?"

"नाही भेटत," ती म्हणाली. हसतही होती, रडतही होती. पायऱ्या उतरून, मला वळसा घालून ती गेली आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.

मांडवाच्या फटीतून ऊन येत होतं, ते नेमकं पोरीच्या डोळ्यांवर पडलं. तिनं तोंड वाकडं केलं. काका उन्हाकडे पाठ करून वळले, कमरेत वाकले, आणि दोन्ही हात गुंतलेले म्हणून मला हाक मारली.

"सुधाकर, खिशातला दोरा काढ बे. पुरी झाकली का, पाह्य."