झालं का?

मुलाने कॉम्प्युटरला वडिलांचा आवाज दिला तो काही भावनेच्या भरात नव्हे. आधीची घंटी कर्कश होती, एवढंच. निदान स्वतःची समजूत त्याने अशी घातली होती.

तो घरून काम करायचा. त्याचा कोड हल्ली एआय सहायक लिहायचा. मुलाकडे उरलं होतं ते काम सांगणं आणि ते संपायची वाट बघणं. म्हणून त्याने सहायकासाठी एक आपोआप चालणारी कृती लिहिली: काम संपलं की आवाज व्हावा. आवाज फोनमध्ये होताच. गुडघे गेल्यापासून वडील बैठकीतल्या खुर्चीतूनच सगळ्या घराला फोनवर आवाज रेकॉर्ड करून निरोप धाडायचे, आणि निरोप बहुतेक एकच असायचा. "झालं का?" मागोमाग खोकला. वजनमापांचे निरीक्षक होते ते. आयुष्यभर दुकानदारांना हाच प्रश्न विचारला, निवृत्तीनंतर घरच्यांना विचारला, आणि या उन्हाळ्यात विचारायचे थांबले. तेव्हापासून आई कामापुरतंच बोलायची. हा आवाज कानावर पडला तर ती कोसळेल, या धास्तीने मुलगा हेडफोन लावून बसला.

घोळ दोन झाले. कृती काम संपल्यावर चालायला हवी होती, ती त्याने प्रत्येक पायरीला जोडून ठेवली. आणि ऐन मीटिंगमध्ये हेडफोनची बॅटरी संपली.

"झालं का?" आवाज घरभर गेला. खोकला. "झालं का?"

स्क्रीनवरचे साहेब नवे होते. ते थबकले. "कोण विचारतंय?"

"वडील." मुलाच्या तोंडून तेवढंच निघालं.

"त्यांना म्हणावं, शुक्रवारपर्यंत देतो."

मुलाने घाईघाईने सहायकाला लिहिलं, हा आवाज बंद कर. सहायक मोठा आज्ञाधारक. त्याने सेटिंगची फाइल शोधली. "झालं का?" उघडली. "झालं का?" दुरुस्त केली. "झालं का?" बदल पुढच्या वेळेपासून लागू होईल, असं नम्रपणे कळवलं. खोकला.

"वडिलांचा पाठपुरावा जबरदस्त आहे हो," साहेब म्हणाले. "आमच्याकडे असा माणूस नाही."

"आमच्याकडेही नाही," मुलगा म्हणाला. साहेबांना तो विनय वाटला.

इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. "अहो, किती वेळा विचाराल? गॅसवर आहे अजून. जरा दम धरा."

मुलगा मीटिंग तशीच सोडून धावला. आई कोसळली वगैरे नव्हती. हातात पळी धरून उभी होती आणि कितीतरी दिवसांनी चांगली चिडलेली होती.

"आई, ते मशीन आहे."

"माहितीये मला. मी काय खुळी आहे?" ती म्हणाली आणि पाठ फिरवून गॅस बारीक करत राहिली. गॅस आधीच बारीक होता.

मुलाने ती कृती मुळापासून काढून टाकली. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, म्हणजे गप्प. दुसऱ्या दिवशी दुपारी आई त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आज काही विचारत नाहीत ते?"

"काढून टाकलं. तुला त्रास नको म्हणून."

"त्रास तर आहेच. लग्न झाल्यापासून आहे." ती थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. "परत लाव. पण सारखं नको बाबा. जेवायच्या वेळी एकदा."

मुलाने कृती नव्याने लिहिली, या खेपेला नीट. जेवायच्या वेळी संपायला काम असेलच असं नाही, म्हणून तो सहायकाला रोज एक रिकामी फाइल तपासायला देतो. सहायक ती मन लावून तपासतो, फाइलमध्ये काहीही नाही असं कळवतो, आणि बैठकीतल्या खुर्चीपर्यंत आवाज जातो.

"झालं का?"

ताटं वाढून झालेली असतात. पेल्यांत पाणी ओतलेलं असतं. आई हात धुऊन टेबलाशी बसलेली असते.

"नाही झालं अजून," ती म्हणते. "बसा जरा."