दोन कुळांची सरमिसळ

प्राध्यापक बाई अकराला येणार म्हणून पोस्टमनने सकाळीच व्हरांडा पुसायला काढला, आणि तिथेच घोळ झाला.

व्हरांड्यात बायकोचे चाळीस दगड होते. बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदून दगडावर जी खपली धरतात, ती दगडफुलं तिच्या अभ्यासाचा विषय. सगळे ज्याला एकच कूळ मानतात ती खरं तर दोन आहेत, असं ती नऊ वर्षं सांगत आली होती. म्हणून दगडांच्या दोन रांगा, आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. आज तिच्या बाई ते बघून प्रबंधाला होकार देणार होत्या.

त्याने दगड कडेला ठेवले, चिठ्ठ्या स्टुलावर रचल्या, फरशी पुसली आणि ती लवकर वाळावी म्हणून पंखा लावला.

चिठ्ठ्या घरभर!

सव्वीस वर्षांत त्याने एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं. त्या भरवशावर पिवळसर दगड इकडे, राखाडी तिकडे लावून त्याने चिठ्ठ्या अंदाजाने सरकवल्या.

बायको बाईंना घेऊन आली. पहिल्याच दगडापाशी ती थबकली.

"अहो, हे हलवलंत?"

"फक्त पुसून घेतलं."

"खरं सांगा."

"पुसून घेतलं... आणि थोडं वाटप केलं."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाईंनी पर्समधून भिंग काढलं.

"रडतेस काय? दोन कुळं आहेत ना? मग चिठ्ठ्या ठेव बाजूला आणि लाव परत. कडा बघ, ठिपके बघ."

तिने लावले. बाईंनी मोबाइलवर फोटो घेतला, सगळ्या रांगा मोडल्या आणि स्वतः लावून पाहिल्या. रांगा जुळेनात. तिने पुन्हा लावले, तर तिच्या स्वतःच्याच आधीच्या रांगांशी जुळेनात. सतरा दगड कुठल्याच बाजूला टिकायला तयार नव्हते.

तिने हातातला दगड खाली ठेवला.

"बाई, ही दोन नाहीतच. मधली भिंत मीच घातली होती."

"मग तसं लिही. हाच तुझा प्रबंध."

पोस्टमनच्या जिवात जीव आला. "म्हणजे मी काही बिघडवलं नाही तर!"

"नऊ वर्षांवर पाणी फिरवलंत," ती डोळे पुसता पुसता हसली. "आता माझ्या कपाटाला तेवढा हात लावू नका. तिथल्या दगडांत तीन कुळं आहेत."

बाईंनी भिंग पुसलं. "अगं, लावू दे की त्यांना एकदा."