गुलाबकाकांनी तपासलेला मांडव

पाण्याखाली धरल्याशिवाय गुलाबकाका कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत. मी नवी सॅक आणली, त्या दिवशी त्यांनी ती अंगणातल्या नळाखाली धरली, आत हात घालून शिवणी चाचपल्या आणि "नापास" म्हणून परत दिली. आत माझ्या प्रबंधाचा कच्चा खर्डा होता.

चाकणच्या एका मोटार कारखान्यात त्यांनी आयुष्यभर एकच काम केले. तयार गाडी कृत्रिम पावसातून बाहेर आली की आत शिरायचे, गालिचे चाचपायचे आणि गळती शोधायची. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, चाचपणे सुटले नाही. कुरुळीत आम्ही त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्यामुळे आमच्या छत्र्या आणि डबे नियमित तपासले जातात.

मुलीचे, पल्लवीचे, लग्न त्यांनी मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, दारापुढच्या मोकळ्या जागेत ठरवले. मी हवामानशास्त्राची विद्यार्थिनी. वळीव संध्याकाळीच का गाठतो, हे मी त्यांना आलेख काढून समजावले. पावसाची शक्यता निम्म्याहून अधिक असल्याचेही सांगितले.

"निम्मी कोरडी गाडी पास व्हती का?" काका म्हणाले. "पाऊस येनार, आसंच धरून चालायचं."

"मग हॉल घ्या ना, काका."

"न्हाई. हितंच."

नातेवाइकांनाही एवढेच उत्तर मिळाले होते.

लग्नाच्या दोन दिवस आधी मांडव उभा राहिला आणि काकांनी पाण्याचा टँकर बोलावला. छतावर पाइप सुटताच मांडववाला बंडू धावत आला.

"काका, लगीन हाय का वॉशिंग सेंटर?"

"भावा, तुझी ताडपत्री त्या कोपऱ्यात रडतीया. आधी ती बदल, मग बोल."

बंडूने ताडपत्री बदलली. काका चारही कोपऱ्यांत रांगले, एकूण एक सतरंजी चाचपली. मग मला नवरीच्या जागी उभे केले, बंडूला बाजूचे पडदे सोडायला लावले आणि घरात गेले. बराच वेळ परतले नाहीत, म्हणून मी आत डोकावले.

पुढच्या खोलीत खिडकीशी मालनकाकूंची खाट आहे. अर्धांगवायूने चेहरा वाकडा झाल्यापासून त्या चार माणसांसमोर येत नाहीत. लेकीच्या लग्नातही बाहेर येणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले होते. काका गुडघे टेकून, त्यांच्या उशीवर स्वतःचे डोके ठेवून, खिडकीबाहेर पाहत होते.

"मालन, पडदा आडवा येतोय गं."

"अवं... ऱ्हाऊ द्या," काकू अडखळत म्हणाल्या.

"ऱ्हाऊ कसं द्यायचं?" मला पाहूनही ते उठले नाहीत. "पोरी, बंडूला सांग, ह्या बाजूला आरपार दिसंल आसं प्लास्टिक लाव. आन् त्याच्यावर पानी मारून बघा."

मारले. पास झाले.

लग्नात मंगलाष्टके सुरू होताच वळीव कोसळला. माझा अंदाज अचूक ठरला. मांडवात एक थेंबही आला नाही. मात्र टँकरच्या स्वच्छ पाण्याने दिली नव्हती अशी एक अडचण खऱ्या पावसाने आणली. वाऱ्याने उडवलेली धूळ पाण्यात मिसळून प्लास्टिकवरून गढूळ ओघळू लागली.

"मुलीचे वडील कुठे आहेत?" भटजींनी विचारले.

ते प्लास्टिकच्या पलीकडे, पावसात होते. फेटा सोडून त्याच्या पदराने ते ओघळ पुसत होते, आणि खिडकीच्या आड येऊ नये म्हणून पार खाली वाकले होते. अक्षता पडल्या तेव्हा मांडवातून त्यांचा फक्त हात दिसत होता.