बाबारावांच्या वाट्याचा समुद्र

आमच्या शेजारी समुद्र आहे. खामगावात समुद्र कुठून आला, असं कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. त्याला सरळ बाबाराव गावंड्यांच्या ओसरीवर नेऊन उभा करतो. समुद्राची लांबी साडेतीन फूट, रुंदी सव्वा फूट आणि खोली दीड फूट. लोखंडी अँगलची चौकट, खिडकीच्या काचा, सांध्यांना पुट्टी आणि पुट्टीवर डांबर. काठोकाठ भरत नाहीत, म्हणून पाणी अकरा घागरी बसतं. मापं मी स्वतः घेतली आहेत. मी तेलाच्या मिलमध्ये मुनीम आहे आणि बाबारावांनी सांगितलेला कोणताही आकडा मी स्वतः मोजल्याशिवाय दुसऱ्याला सांगत नाही.

हा समुद्र बाबारावांना महाराष्ट्र राज्यातून मिळाला. आम्ही आधी मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. त्यावर गावात पुष्कळ चर्चा झाली. कोणाला मराठीचं राज्य दिसलं, कोणाला नागपूरची गेलेली राजधानी दिसली. बाबारावांनी भिंतीवर नव्या राज्याचा नकाशा टांगला, त्याच्या डाव्या कडेच्या निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "मुनीमजी, याच्यात आपला हिस्सा किती?"

मी म्हणालो, "काहीच नाही."

"काऊन? राज्य सामाईक, त समुद्र सामाईक नाही काय?"

हिस्सा हा बाबारावांचा आवडता शब्द. आमच्या अंगणातल्या शेवग्याची एक फांदी त्यांच्याकडे झुकते. तिच्या शेंगा त्यांच्या हिश्श्याच्या. तिची पानं मात्र झाडून न्यायची मी, कारण "पानं झाडाची, अन् झाड तुमचं." आमच्या दोन घरांमधली भिंत सामाईक आहे. तिच्या माथ्यावर त्यांनी मधोमध सुतळी धरून निम्म्या जाडीला चुना लावला. उरलेली निम्मी अजून तशीच आहे, आणि पाहुणा आला की ती त्याला दाखवली जाते.

त्यांचा सर्वांत मोठा हिस्सा मात्र वडनेर भोलजी या गावी आहे. तिथल्या शेताची वाटणी झाली तेव्हा धाकटा भाऊ श्रीराम याच्याशी धुऱ्यावरून बिनसलं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तो दोन हात इकडे की दोन हात तिकडे, एवढाच प्रश्न होता. बाबारावांनी दावा लावला आणि जिंकला. श्रीरामनं आपलं शेत बटईनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, कसायला दिलं, मुंबई गाठली आणि गोदीत नोकरी धरली. जिंकलेल्या पट्ट्यात कपाशीच्या दोन ओळी बसतात. मी जाऊन पाहिल्या आहेत. कपाशी बेताचीच होती.

तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. एकमेकांच्या घरच्या लग्नांनाही गेले नाहीत. बोलायला कारणच उरलं नव्हतं, तेवढ्यात हा समुद्र निघाला.

"श्रीराम तथी एकलाच समुद्र खाऊन राह्यला," बाबारावांनी एका नातेवाइकाजवळ निरोप दिला. "मोठ्या भावाचा हिस्सा पाठोव म्हना."

निरोपावर सगळे हसले. बाबाराव हसले नाहीत. त्यांनी टाकी करायला टाकली. दावा लावायच्या आधी गोदाम बांधून ठेवणारा माणूस आहे तो.

आणि एके सकाळी जलंबहून येणाऱ्या गाडीनं श्रीराम खरंच आला. मागे टांग्यात तेलाचे नऊ डबे, तोंडं डाग देऊन बंद केलेली. हातात फडकं बांधलेली बादली. तिच्यात खडकातल्या डबक्यातून धरलेले बोटाएवढे चार मासे आणि मूठभर गोगलगायी. तो ओसरीवर चढला, भावाकडे पाठ केली आणि मला म्हणाला, "मुनीमजी, सांगा त्यायले, हिस्सा आनला. मोजून घ्या म्हना."

बाबाराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "इचारा त्याले, पानी भरतीचं हाय का ओहोटीचं?"

"सांगा त्यायले, समुद्राचं हाय."

त्या दिवशी मी भाषांतरकार झालो, तो आजतागायत आहे. दोघांमध्ये चार फुटांचं अंतर होतं, दोघांचे कान शाबूत होते, आणि प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून एकदा पुन्हा जात होतं. संध्याकाळच्या गाडीला निघेपर्यंत दोघे टाकीसमोर बसून होते. काकूंनी, म्हणजे बाबारावांच्या बायकोनं, दोघांना चहा दिला आणि मला म्हणाल्या, "घरात चहाले पानी नाही, अन् माशाइले समुद्र."

समुद्र आला आणि पाठोपाठ शेवाळ आलं.

येणारच होतं. टाकी पूर्वेच्या खिडकीत, सकाळपासून ऊन. मासे उपाशी राहू नयेत म्हणून बाबाराव ज्वारीचं पीठ मुठीनं टाकत. मासे खात चिमूटभर, उरलेलं तळाशी कुजत असे. आधी काच हिरवट झाली, मग दगडांवर केस उगवले, मग पाण्यात तंतू तरंगू लागले. बाबाराव त्याला वऱ्हाडी उच्चारात शेवाय म्हणत, आणि त्यांच्या लेखी ते शेवाळ नव्हतंच.

"अतिक्रमण हाय हे, मुनीमजी. शुद्ध अतिक्रमण."

अतिक्रमणावर त्यांना एकच उपाय माहीत. त्यांनी टाकीत गोट्यांची एक ओळ मांडली. चक्क धुरा. खिडकीकडची बाजू शेवाळाला, ओसरीकडची माशांना. शेवाळानं धुरा मानला नाही. उलट आठवडा संपायच्या आत सर्वांत दाट शेवाळ धुऱ्यावरच उगवलं. निकाल न मानणारा प्रतिवादी बाबारावांना आयुष्यात प्रथमच भेटला. त्यांनी खुरप्यानं काच खरवडली, काचेवर कायमचे ओरखडे पडले. तुरटी फिरवली. काही होईना. मग त्यांनी मुंबईला निरोप धाडला: हिश्श्याचं पाणी नासकं निघालं, बदलून द्यावं.

श्रीराम चार डबे घेऊन आला. निम्मं जुनं पाणी उपसलं, नवं भरलं. दोघांनी माझ्यामार्फत एकमेकांची अक्कल काढली.

"सांगा त्यायले, समुद्रात पीठ नसते."

"सांगा त्याले, समुद्रात मासे उपाशी मरत असतीन. माह्या घरी नाही."

मग हे दर काही महिन्यांनी होऊ लागलं. पाणी हिरवं, निरोप, डबे, भाषांतर, संध्याकाळची गाडी.

एकदा गोदीत काम जास्त म्हणून श्रीराम आला नाही. वाट पाहून बाबाराव चिडले आणि त्यांनी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सोय केली. लोणारजवळच्या सुलतानपूरचा एक जण बैलगाडीनं बाजाराला येणार होता. त्याच्याकडून लोणारच्या सरोवराचं दोन घागरी पाणी मागवलं. मी म्हणालो, "बाबारावजी, ते पाणी निराळं. त्यात मासा जगत नाही."

"खारं ते खारं," बाबाराव म्हणाले. "आपल्या जिल्ह्यातलं हाय. त्याच्यात त पुरा हिस्सा हाय आपला."

पाणी पालकाच्या रसासारखं हिरवंगार होतं. शेवाळ घालवायला माणसानं घागरी भरून शेवाळ आणल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. त्यांनी एक घागर ओतली. संध्याकाळपर्यंत दोन मासे उताणे झाले. बाबाराव त्या रात्री जेवले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. सकाळी मला म्हणाले, "हे उरलेले दोन गेले त श्रीराम म्हनन, हिस्सा सांभाळता येत नाही याले."

मला वाटलं, माणूस हरायला भितो आहे. म्हणून शेवाळाचं काम मी हाती घेतलं.

काम अवघड नव्हतं. ऊन जास्त आणि खाणं जास्त, म्हणून शेवाळ जास्त. श्रीराम ताजं पाणी देऊन गेल्यावर मी खिडकीवर तरट लावलं. पीठ चिमटीवर आणलं आणि डबा काकूंच्या ताब्यात दिला. काच दाढीच्या जुन्या पात्यानं साफ केली. तळाचा गाळ रबरी नळीनं ओढून काढला. पाणी उडून खाली गेलं की बाबाराव भरीच्या पाण्यात आणखी मीठ विरघळवत असत, ते बंद केलं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. उरलेलं काम गोगलगायींनी केलं. दोन महिन्यांत समुद्र असा निवळला की पलीकडच्या भिंतीवरचा नकाशा त्यातून वाचता येऊ लागला. लोक पाहायला आले. मी सर्वांना तरटाचं महत्त्व समजावून सांगितलं.

बाबाराव मात्र माझं अभिनंदन करेनात. मी ते कृतघ्नपणाच्या खाती टाकलं, तिथे त्यांची शिल्लक आधीच बरीच होती.

ठरल्याप्रमाणे श्रीराम आला. टांग्यातून चार डबे उतरवले आणि टाकीपाशी थबकला. दोन्ही मासे धुऱ्याच्या या बाजूनं त्या बाजूला आरामात फिरत होते.

"मुनीमजी," तो म्हणाला, "सांगा त्यायले, पानी साफ हाय."

"सांगा त्याले, दिसते मले."

"सांगा त्यायले, आता डब्याचं काम नाही पडाचं."

बाबारावांनी टाकीत हात घालून धुऱ्याचा एक दगड सरळ केला. मी उगीच दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. श्रीरामनं चहा घेतला, डबे न फोडता ओसरीच्या कोपऱ्यात लावले आणि संध्याकाळची वाट न पाहता दुपारच्या गाडीनं निघून गेला. टांगा कोपऱ्यावरून वळला तरी बाबाराव रस्त्याकडे पाहत उभे होते.

नंतर पंधरवडाभर मिलमध्ये वह्यांची तपासणी होती, मला फुरसत झाली नाही. एका रविवारी सकाळी गेलो, तर तरट घडी घालून खुंटीला टांगलेलं. टाकीवर लखलखीत ऊन. बाबाराव स्टुलावर बसून समुद्रात पीठ टाकत होते. मुठीनं.

"बाबारावजी, शेवाळ येईल."

"हाव."

"पाणी पुन्हा हिरवं होईल."

"हाव ना." त्यांनी आणखी एक मूठ टाकली. मासे जवळ आले, चिमूटभर खाऊन निघून गेले. पीठ हळूहळू तळाला बसलं. मग नजर टाकीवरून न काढता ते म्हणाले, "मुनीमजी, तुमी हिशेबाचे मानूस. किती दिवस लागतीन? दिवाईच्या आंदी झालं पाह्यजे. दिवाईले सुट्टी असते त्याले."

मी हिशेब केला. ऊन पाहिलं, काच पाहिली, काचेच्या खालच्या कडेला नुकती धरू लागलेली हिरवी रेघ पाहिली. पश्चिमेची खिडकीही उघडी ठेवली तर दिवाळीच्या आधी नक्की होईल, असं सांगितलं.

त्यांचे गुडघे हल्ली दुखतात. खिडकी मीच उघडली.