डबींतल्या चिपेची हकीकत

श्री. मोजमाप शिकविणाऱ्या देवतेस नमन करून, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सर, आश्विन मासीं जें घडलें तें लिहिलें असे.

चिप करंगळीच्या नखाएवढी, रुप्याच्या डबींत ठेविलेली. पाठीचे सोनेरी ठिपके कोरे, म्हणजे ती कोणत्याही यंत्रांत बसली नव्हती. डबीची मखमल मात्र बोटांनीं झिजली होती. कारण ऐसें जे, या दौलतीचीं सारीं यंत्रें शेजारच्या दौलतीच्या चिपांवर चालत, आणि शेजारी दर सालीं भाव चढवीत, मग श्रीमंत संतापले आणि आपली चिप आपण करावी ऐसा हुकूम करून कारखाना सगुणाबाई खांबेट्यांचे हवालीं केला. बाईंनीं जाणते जमविले, आणि पहिली चिप मुकी निघाली, दुसरी तापून विझली, मग तिसरी शेजाऱ्याचे तोडीची उतरली. श्रीमंतांनीं ती डबींत ठेविली. पुढें रिवाज पडला. भावाचा करार करावयास शेजारचा वकील येई, पानसुपारी होई, मग श्रीमंत डबी उघडून त्याजपुढें सरकवीत, आणि वकील घाम पुसून भाव उतरवी. करारावर शिक्का होई, आणि आपली चिप पुढील सालीं भट्टींत घालून हजारोंनीं घडवूं ऐसें बाईंस सांगणें होई. तोंवर ती चिप जुनी होई, मग बाई नवी आंखीत, तिचा एकच नमुना उतरे, आणि तोहि डबींत जाई. जाणते एकेक करून शेजाऱ्याकडेच चाकरीस गेले; राहिले ते म्हणत कीं, आपली मुलगी दर सालीं दाखवितात, लग्न मात्र लावीत नाहींत.

यंदा वकील भाव उतरवून गेला, आणि बाई उठल्या नाहींत. त्यांनीं हळू आवाजांत विनंती केली कीं, चिप घडवावी, अथवा कारखाना मोडून माणसें मोकळीं करावीं. दोहोंतून एक आज सांगावें. फडणीस त्रिंबकपंत हंसून म्हणाले, "बाई, रुसतां कशास? या डबीनें दौलतीचें जितकें वांचविलें, तितकें कोणा सरदारानें मिळविलें नाहीं. घडवावयास बसलों तर तेंच सारें भट्टींत जाईल."

हिशेब खरा होता. बाईंनीं तो स्वतः पडताळला होता.

"मग आम्ही इतकीं वर्षें काय केलें?" बाईंनीं पुसलें.

तात्पर्य, कारखाना मोडला नाहीं, चिप घडली नाहीं, आणि दौलतीस तेंच परवडलें. श्रीमंतांनीं डबी मिटली, आणि इतकीं सालें टाळलेलें अखेर बोलले: "बाई, चिप घडवावयाची नाहीं. आंखीत मात्र रहा. वकिलास दिसलें पाहिजे."